कामठीचे रुस्तमजी

गोंदियाहून नागपूरला निघालेली पॅसेंजर तिरोडा, तुमसर रोड, भंडारा रोड करीत रमतगमत कन्हानला येते, नदीवरचा पूल ओलांडते आणि कामठीच्या फलाटावर घटकाभर थांबते. आपल्यापैकी अनेकांनी हा प्रवास कैक वेळा केला असेल. कामठी म्हटले की कुणाला लष्कराची छावणी आठवते, कुणाला विडी कामगारांच्या वस्त्या. फार थोड्यांना ठाऊक असते, की देशाच्या पोलिस दलाच्या इतिहासात ज्याचे नाव आदराने घेतले जाते तो माणूस याच गावात जन्मला. खुसरो फरामर्झ रुस्तमजी हे त्यांचे नाव. जन्मतारीख २२ मे १९१६.

रुस्तमजींची ओळख चार तऱ्हांनी करून दिली जाते. पंडित नेहरूंचे सुरक्षा अधिकारी, चंबळच्या दरोडेखोरांचा काळ, सीमा सुरक्षा दलाचे संस्थापक आणि बांगलादेशाच्या जन्मवेळचा पडद्यामागचा माणूस. चारही खरे. यातली एक ओळख वाट्याला आली असती तरी एखाद्याचे आयुष्य कारणी लागले असते. परंतु ज्या कामामुळे हजारो अनोळखी गरिबांच्या घरातला हरवलेला माणूस परत आला, ते काम रुस्तमजींनी निवृत्तीनंतर केले. त्या वेळी त्यांच्या हाती ना फौज होती ना बंदूक. होती ती लेखणी, आणि वर्तमानपत्राने दिलेली दोन दिवसांची जागा. त्या दोन लेखांपर्यंत पोचायचे तर आधी बराच मोठा रस्ता चालावा लागतो.

कामठीची छावणी इंग्रजांनी १८२१ साली वसवली. छावणी आली की तिच्या मागोमाग बाजार येतो, दुकानदार येतात, ठेकेदार येतात. विदर्भातली पारशी घरे बहुतेक अशाच वाटेने इकडे आली आणि इथलीच होऊन गेली. रुस्तमजींचे शिक्षण नागपूरच्या सेंट फ्रान्सिस डी'सेल्स शाळेत, मग काही काळ मुंबईत आणि पुन्हा नागपूरच्या विज्ञान महाविद्यालयात झाले. त्याच महाविद्यालयात त्यांनी थोडे दिवस शिकवण्याचे कामही केले. प्रयोगशाळेतला हा तरुण १९३८ साली पोलिस सेवेत निवडला गेला. निरीक्षण करायचे आणि पाहिलेले लगेच टिपून ठेवायचे, ही सवय त्याने प्रयोगशाळेतून आणली की घरातून, कोण जाणे. पण ती जन्मभर टिकली. रुस्तमजी रोजनिशी लिहीत. दौऱ्यावर असोत, जंगलात असोत, दिल्लीच्या बंगल्यात असोत, दिवसाचे टिपण व्हायचेच. आज त्यांच्याविषयी आपल्याला जे कळते त्यातले पुष्कळसे या वह्यांमुळे.

त्या वेळचा नकाशा डोळ्यांपुढे आणायला हवा. मध्य प्रांत आणि वऱ्हाड असा एक लांबरुंद प्रांत होता आणि नागपूर त्याची राजधानी. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातली एक तहसील. स्वतंत्र जिल्हा व्हायला १ मे १९९९ उजाडावा लागला. बालाघाट, दुर्ग, रायपूर हे काही परमुलूख नव्हते. बाघ नदीच्या अलीकडे आणि पलीकडे एकच सरकार, एकच पोलिस खाते. नागपूरला नेमणूक झालेला अधिकारी उद्या अकोल्याला जाई, परवा जबलपूरला. पोरीबाळी नदीपार दिलेल्या आपल्याकडच्या कुटुंबांना हे निराळे सांगायला नको.

नोकरीला चार वर्षे झाली नाहीत तोच बेचाळीसचा ऑगस्ट आला. चिमूर, आष्टी, नागपूर. सारा प्रांत पेटला. इंग्रजांच्या गणवेशातल्या भारतीय अधिकाऱ्याची अवस्था त्या दिवसांत मोठी चमत्कारिक होती. समोरच्या जमावात आपल्याच गावची माणसे, आपलेच विद्यार्थी आणि पाठीशी परकीयांचा हुकूम. देशभक्तीच्या कथांमध्ये या माणसांना जागा नसते आणि एका परीने ते बरोबरही आहे. तरी १९४७ साली सत्ता आली तेव्हा सरदार पटेलांनी याच अधिकाऱ्यांच्या खांद्यावर नव्या देशाचा कारभार उभा केला, हेही विसरता येत नाही.

स्वातंत्र्यानंतर लगेचच त्यांची परीक्षा झाली ती अकोल्याला. तिथे ते पोलिस अधीक्षक होते. वऱ्हाडाच्या दक्षिण हद्दीला लागून निजामाचे राज्य. रझाकारांच्या धाडी, हद्दीपलीकडून जीव मुठीत धरून येणारी कुटुंबे, रात्री-अपरात्री पेटणारी गावे. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलिस कारवाई झाली. नाव पोलिसांचे असले तरी काम लष्कराने केले आणि ते पाच दिवसांत उरकले. खरे पोलिसांचे काम त्यानंतर सुरू झाले. सूडाला सूड असा प्रकार मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांत चालू झाला, तेव्हा रुस्तमजींची रवानगी औरंगाबाद विभागात झाली. राज्य जिंकणे पाच दिवसांचे, पण भ्यालेल्या माणसाला पुन्हा आपल्या घरात झोप लागावी यासाठी महिने लागतात.

१९५२ साली दिल्लीहून बोलावणे आले. पंतप्रधानांच्या सुरक्षेची जबाबदारी. आजच्या वाचकाला त्या काळच्या सुरक्षेची कल्पना येणे अवघड आहे. काळ्या गणवेशातले कमांडो नव्हते, गोळी न लागणाऱ्या मोटारी नव्हत्या. पंतप्रधानांच्या संरक्षणासाठी वेगळे दल स्थापन झाले ते १९८५ साली, इंदिराजींच्या हत्येनंतर. नेहरूंच्या वेळी होते ते मोजके अधिकारी आणि स्वतः नेहरू, ज्यांना पहारा मुळात आवडतच नसे. गर्दी दिसली की ते गाडीतून उतरत, दोरखंड ओलांडत, लोकांना हटवणाऱ्या पोलिसालाच दटावत. अशा माणसाला सुरक्षित ठेवायचे म्हणजे त्याच्या रागाचे धनी व्हायचे आणि तरीही दोन पावलांवर उभे राहायचे.

सहा वर्षे रुस्तमजी त्या दोन पावलांवर उभे होते. आणि घडायचे ते त्यांच्याच गावात घडले. मार्च १९५५ मध्ये नेहरू नागपूरला आले असताना एका सायकलरिक्षावाल्याने चाकू घेऊन त्यांच्या उघड्या मोटारीवर उडी घेतली. त्याला वेळीच पकडले गेले, नेहरूंना ओरखडाही आला नाही आणि त्यांनी ही गोष्ट फारशी मनावरही घेतली नाही. पण ज्याच्यावर जबाबदारी होती त्याचे काय झाले असेल? ज्या शहरात शाळा शिकलो, ज्या रस्त्यांवर पहिली गस्त घातली, तिथेच हे व्हावे! नेहरूंवर रुस्तमजींचे मनापासून प्रेम होते. तरी त्यांच्या टिपणांत नुसती आरती नाही. पंतप्रधानांचा चिडखोरपणा, एकटेपणा, माणसांवर चटकन विश्वास टाकणे हे सारे त्यांनी जवळून पाहिले आणि लिहून ठेवले. सावलीसारखे राहूनही दृष्टी स्वतःची ठेवणे, हे दरबारी वातावरणात सोपे नसते.

दरम्यान इकडे नकाशा बदलला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात आला आणि नागपूरची राजधानी गेली. रुस्तमजींची सेवा मात्र नव्या मध्य प्रदेशाकडे राहिली. अशा रीतीने कामठीचा माणूस १९५८ साली बाघ नदीपलीकडल्या राज्याचा इन्स्पेक्टर जनरल, म्हणजे त्या वेळच्या भाषेत पोलिसांचा सर्वोच्च अधिकारी, झाला. वय अवघे बेचाळीस.

राज्य नवे, चार जुन्या तुकड्यांचे जोडकाम. त्यात उत्तरेला चंबळ. भिंड-मुरैनाची ती मातीची घळई ज्यांनी पाहिली असेल त्यांना कळेल, की तिथे माणूस लपला तर ईश्वरालाही सापडायचा नाही. अमृतलाल, रूपा, लाखन, गब्बर ही नावे त्या मुलखात आया मुलांना निजवताना घेत असाव्यात, निदान सिनेमात तरी तसे आहे. गब्बरसिंग हा खरोखरचा माणूस होता. पोलिसांना खबर देणाऱ्यांची, आणि पुष्कळदा निव्वळ संशयावरून कुणाचीही, नाके-कान कापणे ही त्याची दहशत. १३ नोव्हेंबर १९५९ रोजी उपअधीक्षक राजेंद्रप्रसाद मोदी यांच्या तुकडीने भिंड भागात त्याची टोळी गाठली आणि गब्बर मारला गेला. दुसऱ्या दिवशी नेहरूंचा सत्तरावा वाढदिवस होता. रुस्तमजींनी ही बातमी वाढदिवसाची भेट म्हणून आपल्या जुन्या साहेबांना कळवली, असे सांगितले जाते. सोळा वर्षांनी ‘शोले’ आला आणि गब्बर घरोघरी पोचला. पटकथाकार सलीम खान यांचे वडील इंदूरकडे पोलिस अधिकारी होते, तेव्हा हे नाव त्या घरात ऐकलेले असणार. नाक-कान गमावलेल्या खेडुतांवर मात्र कुणी चित्रपट काढला नाही.

एकेक टोळी संपत होती. अशा वेळी, मे १९६० मध्ये, आपल्या पवनारचे विनोबा पदयात्रा करीत चंबळमध्ये शिरले. तुरुंगात फाशीची वाट पाहणाऱ्या तहसीलदारसिंगाने, म्हणजे प्रसिद्ध दरोडेखोर मानसिंगाच्या मुलाने, त्यांना पत्र लिहून बोलावले होते. विनोबांच्या पायाशी वीस जणांनी बंदुका ठेवल्या. देशभर कौतुकाची लाट आली. आणि मध्य प्रदेशच्या पोलिस प्रमुखाने जाहीरपणे नापसंती व्यक्त केली. खून आणि अपहरण करणाऱ्यांच्या गळ्यात असे हार पडू लागले, तर ज्या शिपायांनी या टोळ्यांशी झुंजताना जीव दिला त्यांच्या घरच्यांनी काय समजायचे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. एका सरकारी अधिकाऱ्याने संतपदाला पोचलेल्या माणसाविरुद्ध बोलावे! गहजब झाला.

या प्रकरणात दोन्ही बाजूंना दोन्ही माणसे आपल्याच भागातली. एक वर्ध्याजवळच्या धाम नदीकाठचा, दुसरा कन्हानकाठचा. मला स्वतःला रुस्तमजींची बाजू पुरती पटत नाही. पोलिसांच्या गोळीने टोळी संपते, पण टोळीत जाण्याची कारणे, म्हणजे जमिनीचे तंटे, वैर, सावकारी, पोलिसांचीच जुलूमजबरदस्ती, तशीच राहतात. विनोबांना ते दिसत होते. बारा वर्षांनी, १९७२ साली, जयप्रकाश नारायणांपुढे शेकडो बागी शरण आले ते विनोबांनी दाखवलेल्या वाटेनेच. पण दुसरी बाजूही टाकून देण्यासारखी नाही. शरण येणाऱ्याचा फोटो छापला जातो. त्याने ज्याचा मुलगा पळवला तो बाप कुठल्याच फोटोत नसतो. रुस्तमजी त्या बापाच्या वतीने बोलत होते. कैद्याच्या वतीने बोलायला त्यांना अजून अठरा वर्षे लागायची होती.

९ एप्रिल १९६५ रोजी कच्छच्या रणात सरदार चौकीवर पाकिस्तानी लष्कराची ब्रिगेड चालून आली. चौकीवर होते राखीव पोलिस दलाचे मूठभर जवान. त्यांनी पराक्रमाने चौकी राखली, पण दिल्लीचे डोळे उघडले. तोवर सरहद्दीवर त्या त्या राज्याचे सशस्त्र पोलिस पहारा देत. गुजरातचे वेगळे, राजस्थानचे वेगळे, पंजाबचे वेगळे. कुणाची बंदूक कुठली, कुणाचा वायरलेस कुणाला ऐकू जाणार, काही मेळ नव्हता. लालबहादूर शास्त्रींच्या सरकारने एकच केंद्रीय दल उभारायचे ठरवले आणि त्यासाठी भोपाळहून रुस्तमजींना बोलावून घेतले. १ डिसेंबर १९६५ रोजी सीमा सुरक्षा दल अस्तित्वात आले.

सुरुवात पंचवीसएक बटालियनांनी झाली आणि त्याही राज्यांकडून आणलेल्या. आपल्याकडे एकत्र कुटुंबात नवी सून आली तरी वर्षभर कुरबुर चालते. इथे तर प्रत्येक राज्यातून आख्खे बिऱ्हाड आले होते. आपले माणूस सोडायला कुणी राजी नव्हते, सोडले तर बहुधा नकोसे तेवढे सोडले. लष्कराला वाटे हे पोलिसच, पोलिसांना वाटे हे लष्कर होऊ पाहतात. रुस्तमजींनी ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला प्रशिक्षणाची अकादमी काढली, लष्करातून निवृत्त झालेले अधिकारी घेतले, उंटांपासून बोटींपर्यंत जिथे जे लागेल ते दिले. वाळवंटातल्या चौकीवर जवानाला प्यायचे पाणी किती कोसांवरून येते, हे प्रमुखाला माहीत असले पाहिजे या मताचे ते होते. नऊ वर्षे ते या दलाचे प्रमुख राहिले. नवी संस्था उभी करणाऱ्याला एवढा सलग काळ मिळण्याचे भाग्य आता दुर्मीळ झाले आहे. अलीकडे पाटी रंगवून होण्याच्या आत बदली होते.

मग १९७१ आले. २५ मार्चच्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात कत्तल सुरू केली. शेख मुजीबुर रहमान पकडले गेले. त्यांचे सहकारी ताजुद्दीन अहमद आणि अमीरुल इस्लाम पायी, होडीने, मिळेल तसे सरहद्दीपर्यंत पोचले ते ३० मार्चला. सीमा सुरक्षा दलाचे कलकत्त्याचे प्रमुख गोलोक मजुमदार यांनी त्यांना गाठले आणि दिल्लीला कळवले. रुस्तमजी त्याच रात्री विमानाने दमदमला उतरले. देशोधडीला लागलेले ते दोघे नेते समोर उभे होते. अंगावरच्या कपड्यांखेरीज जवळ काही नव्हते. त्यांना आंघोळीनंतर घालायला रुस्तमजींनी आपल्या बॅगेतला सदरा-पायजमा दिला, असे सांगतात. एका देशाचा होणारा पंतप्रधान त्या रात्री कामठीच्या एका पारशी गृहस्थाचे कपडे घालून झोपला!

पुढचे तीन आठवडे मोठ्या धामधुमीचे होते. ताजुद्दीन यांची दिल्लीत इंदिरा गांधींशी भेट झाली. १० एप्रिलला हंगामी सरकार जाहीर झाले. १७ एप्रिलला मेहेरपूरजवळच्या वैद्यनाथतला गावच्या आमराईत, सरहद्दीपासून हाकेच्या अंतरावर, या सरकारने जगभरच्या पत्रकारांसमोर शपथ घेतली. ते पत्रकार कलकत्त्याहून पहाटे कुणी नेले, आमराईभोवती पहारा कुणाचा होता, हे त्या वेळी कुणी बोलले नाही. दुसऱ्याच दिवशी पाकिस्तानचे कलकत्त्यातले उपउच्चायुक्त हुसेन अली यांनी बाजू बदलली आणि कचेरीवर नव्या देशाचा झेंडा चढवला. त्याआधी रुस्तमजींनी त्यांच्याशी गुपचूप बोलणी केली होती. मुक्तिवाहिनीच्या सुरुवातीच्या दिवसांत शस्त्रे आणि आसरा देण्याचे काम या दलानेच केले. लष्कराने सूत्रे हाती घेतली ती नंतर. योगायोग असा, की त्या युद्धात लष्कराचे प्रमुख माणेकशा हेही पारशी. मूठभर समाजाने एकाच वेळी देशाला दोन सेनानी द्यावेत, याचे आपल्याकडे हवे तेवढे कौतुक झालेले नाही. १९७२ साली रुस्तमजींना पद्मभूषण मिळाले.

सीमा सुरक्षा दलातून ते १९७४ मध्ये बाहेर पडले आणि गृहखात्यात विशेष सचिव झाले. त्या सुमारास कोकण किनाऱ्यावर सोने, घड्याळे, रेडिओ यांची चोरटी आयात जोरात होती. मुंबईतले तस्कर नटांसारखे प्रसिद्ध झाले होते. समुद्रावर पहारा कुणी ठेवायचा याचा विचार करायला नेमलेल्या समितीचे अध्यक्ष रुस्तमजी. जमिनीला जसे सीमा सुरक्षा दल तसे समुद्राला वेगळे दल हवे, ही त्या समितीची शिफारस. त्यातूनच १९७७ च्या फेब्रुवारीत तटरक्षक दल कामाला लागले.

इथे त्यांची नोकरी संपली. वय साठ. पेन्शन, बाग, नातवंडे, क्वचित एखादे भाषण, असा क्रम सुरू व्हायचा. पण आणीबाणी उठली होती. पोलिसांनी सत्ताधाऱ्यांच्या इशाऱ्यावर काय काय केले याच्या कहाण्या रोज छापून येत होत्या. जनता सरकारने नोव्हेंबर १९७७ मध्ये धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय पोलिस आयोग नेमला. टाटा समाजविज्ञान संस्थेचे डॉ. माधव गोरे त्याचे सदस्य होते आणि रुस्तमजीही. आयोगाच्या कामासाठी १९७८ साली ते बिहारमध्ये हिंडले आणि तिथल्या तुरुंगांत गेले.

चाळीस वर्षे पोलिसात काढलेल्या माणसाला तुरुंग नवा नसतो. किती जणांना त्यांच्या सहीने तिथे धाडले गेले असेल! पण पोलिसाचा आणि तुरुंगाचा संबंध दारापर्यंतचा. आरोपी आत गेला, कागद पुरा झाला, पोलिस परत फिरला. दाराआड पुढे काय होते हे पाहायला कुणी थांबत नाही. रुस्तमजी या वेळी थांबले. त्यांना दिसले ते असे, की आत कोंबलेल्या माणसांपैकी बहुसंख्य जणांना शिक्षा झालेलीच नाही. खटलाच उभा राहिलेला नाही. जामीन मंजूर झाला तरी भरायला पैसे नाहीत, वकील नाही, घरी खबर नाही. एकाचा गुन्हा विनापरवाना शस्त्र बाळगण्याचा. त्याला जास्तीत जास्त दोन वर्षांची शिक्षा. तो रांचीच्या तुरुंगात साडेआठ वर्षे होता. काही बायका तर आरोपीही नव्हत्या. गुन्हा त्यांच्यावर घडला होता आणि साक्षीला हजर राहाव्यात म्हणून त्यांना संरक्षणाच्या नावाखाली कोंडले होते. तुरुंगात वर्षे मोजायलाही कुणी नव्हते.

आयोगाचा अहवाल व्हायचा तेव्हा होईल. रुस्तमजींनी तेवढी वाट पाहिली नाही. ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये ८ आणि ९ जानेवारी १९७९ रोजी त्यांनी या तुरुंगांविषयी लिहिले. दिल्लीत कपिला हिंगोरानी नावाच्या वकीलबाईंनी ते वाचले. बाईंच्या घरात पती निर्मल हेही वकील. वाचून हळहळणारे त्या सकाळी हजारो असतील. या दांपत्याने ती कात्रणे जोडून थेट सर्वोच्च न्यायालयात देहोपस्थितीचा अर्ज केला. तोवरचा रिवाज असा, की ज्याच्यावर अन्याय झाला त्याने किंवा त्याच्या नातलगाने दाद मागायची. इथे अर्ज करणाऱ्या बाईंनी कैद्यांना पाहिलेही नव्हते. कैद्यांच्या नावांच्या यादीत पहिले नाव हुसैनारा खातून या बाईचे होते, म्हणून खटला त्याच नावाने ओळखला जातो.

न्यायमूर्ती भगवती यांच्या खंडपीठाने अर्ज दाखल करून घेतला. खटला लवकर चालणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, गरिबाला वकील देणे हे सरकारचे कर्तव्य आहे आणि जामीन ठरवताना माणसाची ऐपत पाहिली पाहिजे, ही तत्त्वे या एका प्रकरणातल्या आदेशांतून उभी राहिली. कमाल शिक्षेपेक्षा जास्त काळ आत असलेल्यांना सोडण्याचे हुकूम निघाले. त्या आणि पुढच्या आदेशांमुळे देशभरात सुमारे चाळीस हजार कच्चे कैदी बाहेर आले, असा आकडा नेहमी दिला जातो. जनहित याचिका हा शब्द आज पानठेल्यावरही ऐकू येतो. तलाव बुजवला, रस्ता खचला, रुग्णालयात औषध नाही, की कुणीतरी याचिकेची भाषा करतो. त्या भाषेची सुरुवात इथली. तहसिलीच्या कोर्टात विधी सेवा समितीची पाटी दिसते आणि गरिबाला फुकट वकील मिळतो, त्यामागच्या १९८७ च्या कायद्याची मुळेही या आदेशांपर्यंत पोचतात.

पुष्कळ वेळा मनात येते, की हे लेख एखाद्या समाजसेवकाने लिहिले असते तर? छापले गेले असते, विसरलेही गेले असते. लिहिणारा चंबळच्या टोळ्या संपवणारा, विनोबांना विरोध करणारा, सीमेवर फौज उभी करणारा होता. गुन्हेगारांविषयी त्याला नको तितका कळवळा आहे, असा आरोप त्याच्यावर कुणीच करू शकत नव्हते. चंबळमधल्या त्या बापाच्या बाजूने बोलणारा माणूस आता रांचीतल्या कैद्याच्या बाजूने उभा होता, आणि त्यात त्याला काही विसंगती वाटली नसावी. दोघेही कायद्याकडे पाठ फिरवून उभे नव्हते. कायद्यानेच त्यांच्याकडे पाठ केली होती.

पोलिस आयोगाने १९७९ ते १९८१ या काळात आठ अहवाल दिले. पोलिस प्रमुखाला ठरावीक मुदत द्या, बदल्यांतला राजकीय हात काढा, तपास आणि बंदोबस्त यांची माणसे वेगळी करा, अशा त्यातल्या शिफारशी. तोवर सरकार बदलले आणि अहवाल कपाटात गेले. ते पुन्हा उघडले सप्टेंबर २००६ मध्ये, निवृत्त पोलिस अधिकारी प्रकाश सिंह यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना आदेश दिले तेव्हा. तीही जनहित याचिकाच! राज्यांनी त्या आदेशांतून किती पळवाटा काढल्या, तो निराळ्या लेखाचा विषय. असो.

कच्च्या कैद्यांचा प्रश्न सुटला असे मात्र कुणी समजू नये. कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्या कच्च्या कैद्याला सोडण्याची तरतूद २००६ पासून कायद्यात आली; जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत पहिल्याच गुन्ह्यातल्या आरोपीसाठी ती एक तृतीयांशावर आणली आहे. तरीही २०२२ च्या सरकारी आकड्यांत देशातल्या दर चार कैद्यांपैकी तीन कच्चेच होते.

रुस्तमजींना १९९१ साली पद्मविभूषण मिळाले. पोलिसाला हा मान मिळण्याचे प्रसंग हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेही नाहीत. उतारवयातही त्यांचे लिखाण चालू होते आणि पोलिसांवर ते पोलिसांना न रुचेल इतके स्पष्ट लिहीत. मार्च २००३ मध्ये त्यांचे निधन झाले. कपिला हिंगोरानी २०१३ साली गेल्या. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या ग्रंथालयात त्यांची तसबीर लागली. त्या भिंतीवर लागलेली ती पहिली स्त्री.

रुस्तमजींच्या वह्या त्यांच्याच सेवेतले एक अधिकारी पी. व्ही. राजगोपाल यांनी संपादित केल्या. नेहरूंच्या दिवसांवरचे पुस्तक २००६ मध्ये आले, चंबळ आणि सीमेवरचे २००९ मध्ये. नेहरूंचा राग आणि गब्बरचा शेवट यांवर तेव्हा वर्तमानपत्रांतून पुष्कळ छापून आले. त्या दोन लेखांचा उल्लेख हवा असेल तर हुसैनारा खातून खटल्याचे निकालपत्र काढावे. कैद्यांची हकिकत सांगताना न्यायमूर्तींनी त्या अंकांच्या तारखा दिल्या आहेत.